सबवूफरची तार : स्वस्ताईचा शास्त्रीय आणि व्यापारी इतिहास

घरगुती चित्रपट-ध्वनिसंचात, म्हणजे बाजारात ज्याला ‘होम थिएटर’ म्हणतात त्या योजनेत, केवळ खर्जाचे ध्वनी निर्माण करण्यासाठी ठेवलेल्या स्वतंत्र स्पीकरला सबवूफर म्हणतात. त्याच्या पेटीतच बहुधा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो. त्यामुळे मुख्य रिसीव्हरकडून त्याला शक्ती पुरवावी लागत नाही, फक्त एक क्षीण विद्युत्‌संदेश पोचवावा लागतो, आणि ते काम एक एकेरी तार करते. सारख्याच लांबीची ही तार काही शे रुपयांना मिळते, तशीच ती कित्येक हजारांनाही विकली जाते. किमतींतील या अंतराचे कारण विद्युत्‌शास्त्रात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ते तारेच्या व्यापाराच्या गेल्या अर्धशतकातील वाटचालीत सापडते. या तारेचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले, तिचे साहित्य दुसऱ्या महायुद्धापर्यंत तयार झाले आणि तिची महागडी आवृत्ती मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी अवतरली, हा क्रम ध्यानात घेतल्यास स्वस्त तार निवडणे ही नाइलाजाची तडजोड राहत नाही.

तारेतून जाणारा संदेश वाटेत का बिघडतो, हा प्रश्न प्रथम समुद्रतळावर उपस्थित झाला. गटापर्चा या मलाया द्वीपकल्पातील झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या विद्युत्‌रोधक पदार्थात गुंडाळलेली तांब्याची तार समुद्रात टाकली असता ती, तिच्यावरील वेष्टन आणि भोवतीचे खारे पाणी मिळून विजेचा साठा करणारी एक रचना तयार होते; साठा करण्याच्या या गुणाला धारिता म्हणतात. विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाने १८५४-५५ च्या सुमारास असे दाखवून दिले, की अशा तारेत संदेशाला होणारा विलंब तिच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा निष्कर्ष वाइल्डमन व्हाइटहाऊस या अटलांटिक महासागरात तार टाकणाऱ्या कंपनीच्या विद्युत्‌तज्ज्ञाला मान्य नव्हता. त्याने १८५८ च्या पहिल्या अटलांटिक तारेला सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब लावला आणि आधीच दुबळी असलेली ती तार काही आठवड्यांतच निकामी झाली. त्यानंतरच्या तारा थॉमसनच्या गणितानुसार आखल्या गेल्या. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे थेट इंग्लंडशी जोडली गेली, तीही याच ज्ञानाच्या बळावर. धारितेचा उपद्रव दोन परिस्थितींत जाणवतो : तार फार लांब असेल तेव्हा, किंवा संदेशातील कंपने फार जलद असतील तेव्हा. बैठकीच्या खोलीतील काही मीटर तारेतून जाणाऱ्या खर्जाच्या बाबतीत यांतील एकही अट पुरी होत नाही.

दुसरा धडा टेलिफोनने दिला. आरंभीच्या टेलिफोन-वाहिन्यांत जाण्यासाठी एकच तार असे आणि प्रवाहाचा परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग केला जाई. यामुळे तांब्याचा खर्च निम्मा वाचत असला, तरी जमिनीतून भटकणारा प्रत्येक परका प्रवाह संभाषणात मिसळण्याची वाट मोकळी राही. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या, त्यांचे परतीचे प्रवाह रुळांवाटे जमिनीत पसरू लागले आणि टेलिफोनमधील गुरगुर असह्य झाली. त्यावर परतीसाठी दुसरी स्वतंत्र तार देणे हा उपाय होता. दोन्ही तारांना पीळ दिल्यास बाहेरचा उपद्रव दोहोंत सारखाच शिरतो आणि परस्परांत वजा होतो, ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ मध्येच पेटंट करून ठेवली होती. संदेश जाणाऱ्या तारेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, परतीच्या मार्गाची काळजी घ्यावी लागते, हे तेव्हापासून अभियंत्यांना ठाऊक आहे. सबवूफरच्या तारेत जे एकमेव संकट खरोखर संभवते त्याचे मूळही याच ठिकाणी आहे.

या दोन धड्यांना एकत्र सामावून घेणारी रचना म्हणजे समाक्ष तार, अर्थात कोॲक्सिअल केबल. तीत मधोमध एक वाहक असतो, त्याभोवती विद्युत्‌रोधक थर, त्याभोवती नळीसारखे वा जाळीसारखे धातूचे आवरण आणि सर्वांत बाहेर संरक्षक कवच असते. बाहेरचे आवरण परतीचा मार्ग म्हणून काम करते आणि आतील वाहकाला बाह्य उपद्रवापासून झाकूनही ठेवते. ऑलिव्हर हेव्हिसाइड या स्वयंशिक्षित इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्येच अशा रचनेचे ब्रिटिश पेटंट घेतले होते. परंतु तिचा मोठा उपयोग होण्यास बेल टेलिफोनच्या संघटनेतील लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल यांची वाट पाहावी लागली. त्यांनी १९२९ मध्ये अर्ज केलेले पेटंट १९३१ मध्ये मंजूर झाले आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया यांच्या दरम्यान प्रायोगिक समाक्ष वाहिनी सुरू झाली. त्याच सुमारास साहित्याची अडचणही दूर होत होती. १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय या रसायन-कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिएथिलीनचा योगायोगाने शोध लागला. हा हलका, लवचिक आणि उत्तम विद्युत्‌रोधक प्लास्टिक पदार्थ युद्धकाळात रडारच्या तारांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. अमेरिकी सैन्याने तारांच्या प्रकारांना ‘आरजी’ या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक दिले ते याच काळात. आज केबल टीव्ही आणि सीसीटीव्ही यांच्या धंद्यात सर्रास बोलले जाणारे आरजी-५९ आणि आरजी-६ हे शब्द त्या लष्करी क्रमपद्धतीचे वारस आहेत.

तारेच्या टोकाला असणाऱ्या पिनेचा इतिहास अधिक साधा आहे. अमेरिकेतील रेडिओ कॉर्पोरेशनने, म्हणजे आरसीएने, १९२९ मध्ये व्हिक्टर ही ग्रामोफोन-कंपनी विकत घेतली आणि १९३० च्या दशकात रेडिओ व ध्वनिमुद्रिका-वादक यांची जोडणी करण्यासाठी एक छोटी पिन वापरात आणली, जिला आजही आरसीए पिन म्हटले जाते. ही पिन पेटीच्या आतील, क्वचितच काढण्या-घालण्याच्या जोडणीसाठी योजलेली होती आणि स्वस्त असणे हाच तिचा प्रमुख गुण होता. तिच्यात एक वैगुण्य आहे : ती खोचताना मधला संदेशवाहक खिळा आधी टेकतो आणि परतीचे बाहेरील कडे नंतर, त्यामुळे चालू संचात पिन बसवली असता मोठा घरघराट होतो. तरीही १९५० च्या दशकात घरगुती ध्वनिसंच सुट्या भागांतून जुळवण्याची आवड वाढली, तेव्हा याच पिनेचा सर्वत्र प्रसार झाला. सबवूफरची आजची तार म्हणजे दूरसंदेशवहनासाठी विकसित झालेल्या समाक्ष तारेच्या दोन्ही टोकांना ही स्वस्त पिन बसवून झालेली जोडणी होय; तिचे दोन्ही घटक मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठीच जन्माला आले होते.

सबवूफर मात्र चित्रपटगृहातून घरात आला. १९७४ मध्ये युनिव्हर्सल कंपनीच्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी ‘सेन्सराउंड’ नावाची योजना वापरण्यात आली, जीत भूकंपाच्या दृश्यांच्या वेळी प्रचंड आकाराचे स्पीकर ऐकू येण्याच्या सीमेवरील खर्ज निर्माण करीत. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रतींवरील सहा ध्वनिमार्गांपैकी दोन मार्ग डॉल्बी कंपनीच्या पद्धतीने खास खर्जासाठी राखून ठेवण्यात आले. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रपटाच्या अंकीय ध्वनीचे मानक ठरत असताना पाच पूर्ण मार्ग आणि एक मर्यादित खर्जमार्ग, म्हणजेच ‘५.१’, ही मांडणी पुढे आली. तिच्या पुरस्कर्त्यांत टॉमलिन्सन होल्मन हे ध्वनितज्ज्ञ प्रमुख होते. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बीचा अंकीय ध्वनी चित्रपटगृहांत रुजला, १९९५ मध्ये तो लेझर-तबकडीवर आला आणि १९९६-९७ मध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडीने तो सामान्य घरांत पोचवला. यामुळे रिसीव्हरच्या पाठीमागे खर्जासाठी एक वेगळे आरसीए छिद्र आले आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या स्वयंशक्त सबवूफरपर्यंत पाच-दहा मीटरची एकच तार नेण्याची गरज प्रथमच मोठ्या ग्राहकवर्गाला भासू लागली.

या तारेकडून असलेली अपेक्षा आकड्यांत मांडल्यास ती किती माफक आहे हे स्पष्ट होते. डॉल्बीच्या पद्धतीत खर्जमार्गाची वरची मर्यादा १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० कंपने, इतकीच आहे, तर माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ मानली जाते. पॉलिएथिलीनचा भरीव थर असलेल्या आरजी-५९ तारेची धारिता मीटरला सुमारे ६७ पिकोफॅरड असते. दहा मीटर तारेची धारिता ६७० पिकोफॅरड धरली आणि रिसीव्हरचा अंतर्गत रोध एक हजार ओहम मानला, तरी त्या जोडीमुळे ध्वनी मंदावू लागतो तो सुमारे २,३७,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सबवूफरच्या वरच्या मर्यादेच्या जवळपास दोन हजार पट उंचीवर. समाक्ष तारेच्या वेष्टनावर छापलेला ‘७५ ओहम’ हा गुणधर्म टीव्हीच्या संदेशासाठी अत्यंत महत्त्वाचा असतो, कारण तेथे तरंगाची लांबी तारेच्या लांबीशी तुल्य असते. १२० हर्ट्झच्या विद्युत्‌तरंगाची तारेतील लांबी मात्र दीड हजार किलोमीटरहून अधिक भरते, तेव्हा दहा मीटरच्या अंतरात त्या गुणधर्माला काही कामच उरत नाही.

इतक्या सोप्या कामाची तार महाग कशी झाली, हे समजण्यासाठी तिच्या शेजारच्या एका वेगळ्या तारेकडे वळावे लागते. अ‍ॅम्प्लिफायरपासून साध्या स्पीकरपर्यंत जाणारी तार क्षीण संदेश नव्हे, तर कित्येक वॅट शक्ती वाहून नेते आणि १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकी घरांत तिच्यासाठी टेबलदिव्याची दुपदरी वायर वापरली जात असे. स्पीकरचा रोध चार ते आठ ओहम इतकाच असल्याने दहा मीटर बारीक वायरचा जाऊन-येऊन होणारा जवळपास अर्ध्या ओहमचा रोध तेथे दुर्लक्षणीय नसतो. त्या दशकाच्या अखेरीस नोएल ली या लेझर-संशोधन प्रयोगशाळेतील अभियंत्याने जाड तांब्याची स्पीकर-वायर आकर्षक वेष्टनात, स्वतंत्र नावाने विकण्यास प्रारंभ केला आणि त्यातून ‘मॉन्स्टर केबल’ ही कंपनी उभी राहिली. जाड वायरीचा आग्रह ओहमच्या नियमाला धरून होता, हे मान्य करावे लागते. प्रश्न होता तो जाडीचा, नावाचा नव्हे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर. ए. ग्राइनर यांनी १९८० मध्ये ध्वनि-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणाचा रोख असाच होता, की नेहमीच्या अंतरांसाठी पुरेशी जाड असलेली साधी वायर समाधानकारक ठरते. १९८३ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने घेतलेल्या श्रवणचाचणीत तर संगीत ऐकताना १६ गेजची साधी वायर आणि खास म्हणून विकली जाणारी वायर यांत श्रोत्यांना खात्रीने भेद करता आला नाही.

व्यापाराने यापुढे टाकलेले पाऊल निर्णायक ठरले. स्पीकर-वायरीच्या बाबतीत निदान अंशतः खरा असलेला युक्तिवाद क्षीण संदेशाच्या तारेलाही लावला गेला, जेथे तो लागूच पडत नाही. सबवूफरच्या आतील अ‍ॅम्प्लिफायरचा प्रवेश-रोध बहुधा दहा हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. त्यापुढे दहा मीटर तारेचा एखादा ओहम म्हणजे दहा हजारांतील एक भाग झाला, ज्याने आवाजात कळण्याजोगा फरक पडणे शक्य नाही. शुद्धतेचा दावाही असाच तपासून पाहता येतो. तांब्याच्या वाहकतेचे आंतरराष्ट्रीय मानक १९१३ मध्ये निश्चित झाले. नेहमीचे विद्युत्‌-उपयोगी तांबे त्या मानकाची पूर्ण शंभर टक्के पातळी गाठते, आणि जाहिरातींत मोठेपणाने मिरवणारे ऑक्सिजनविरहित तांबे त्याहून फार तर एक-दोन टक्क्यांनी पुढे जाते. तरीही हा माल खपला, याचे कारण दुकानदारीच्या गणितात होते : टीव्ही आणि रिसीव्हर यांच्या विक्रीत स्पर्धेमुळे नफा अल्प उरे, तर तारेसारख्या जोडवस्तूंवर तो भरघोस मिळे, म्हणून मोठे यंत्र घेऊन निघालेल्या ग्राहकाच्या पिशवीत एक महागडी तारही जावी अशी विक्रेत्याची खटपट असे. ‘सबवूफर केबल’ या स्वतंत्र नावाचा, जाडजूड कवचाचा माल याच खटपटीतून दुकानांत स्थिरावला.

या प्रवाहाविरुद्धची प्रतिक्रियाही व्यापारातूनच आली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील काही लहान विक्रेत्यांनी, १९०२ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या बेल्डन या जुन्या तार-कंपनीचा माल मोठ्या रिळांनी घेऊन, दूरदर्शन-केंद्रांत वापरली जाणारी तीच तार हव्या त्या लांबीला कापून, पिना बसवून आणि तारेचा कारखानी क्रमांक उघडपणे सांगून विकण्यास आरंभ केला. ग्राहकाला त्या क्रमांकावरून धारिता, रोध आणि आवरणाची घनता हे सारे तपशील कारखान्याच्या तक्त्यात तपासता येत, त्यामुळे गूढतेवर आधारलेल्या किमतीला तेथे वाव राहत नसे. अशांपैकी ‘ब्लू जीन्स केबल’ या विक्रेत्याला २००८ मध्ये मॉन्स्टर कंपनीने पिनांच्या आकाराबाबत पेटंटभंगाची नोटीस पाठवली. त्या विक्रेत्याचे प्रमुख कर्ट डेन्के हे स्वतः पूर्वाश्रमीचे वकील असल्याने त्यांनी दाव्यातील प्रत्येक मुद्द्याची फोड करणारे सविस्तर उत्तर जाहीरपणे प्रसिद्ध केले आणि या पत्रव्यवहाराने तारेच्या किमतीचा प्रश्न तंत्रप्रेमी मंडळींच्या पलीकडेही पोचला.

महाराष्ट्रात समाक्ष तारेची ओळख ध्वनिसंचापेक्षा टीव्हीमुळे अधिक झाली. १९९१ नंतर उपग्रह-वाहिन्यांचे जाळे पसरले, गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले आणि गच्चीवरून खिडकीत उतरणारी काळी तार शहरी घरांचा एक नित्याचा भाग बनली. १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याने या व्यवसायाला नियमांची चौकट दिली. यामुळे मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली यांसारख्या बाजारांत समाक्ष तार मीटरवर मिळणे, सुट्या आरसीए पिना घेणे आणि सोल्डरिंग करून जोडणी तयार करवून घेणे ही गोष्ट सहजसाध्य झाली. मात्र टीव्हीसाठीची सारीच तार सबवूफरला सारखी सोयीची ठरत नाही. उंच वारंवारतेचा संदेश वाहकाच्या पृष्ठभागातूनच वाहत असल्याने स्वस्त केबल-वायरीत तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी गाभा आणि ॲल्युमिनिअमचा पत्रा व विरळ जाळी वापरली तरी चालते. खर्जाच्या तारेत मात्र तांब्याची दाट विणलेली जाळी अधिक उपयुक्त असते, आणि ॲल्युमिनिअमवर साध्या कथलाच्या सोल्डरिंगची पकड बसत नाही, ही व्यवहारातील अडचण निराळीच.

दाट जाळीचे महत्त्व पुन्हा टेलिफोनच्या जुन्या धड्याशी येऊन भिडते. भारतात घरगुती वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे विजेचे गुंजन नेमके सबवूफरच्या कार्यक्षेत्रात पडते. छोट्या स्पीकरमधून जे क्वचितच ऐकू येईल ते सबवूफर इमानाने मोठे करून ऐकवतो. रिसीव्हर आणि सबवूफर भिंतीतील दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेले असले, किंवा केबलवाल्याची तार इमारतीबाहेर दुसरीकडेच जमिनीला टेकलेली असली, तर संदेशाच्या तारेच्या आवरणासह एक बंद वळसा तयार होतो आणि त्यातून परका प्रवाह फिरू लागतो. आरसीए जोडणीत परतीचा मार्ग आणि आवरण एकच असल्याने त्या प्रवाहाला आवरणाच्या रोधाने गुणले असता जो विद्युत्‌दाब येतो, तो थेट संदेशात मिसळतो. आवरणाचा रोध कमी ठेवणे हा त्यावरचा एक उपाय, आणि टीव्हीच्या तारेत अथवा संदेशाच्या तारेत विलगक ट्रान्सफॉर्मर घालून तो वळसाच तोडणे हा दुसरा. १९९५ च्या जूनमध्ये ध्वनि-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकाचा एक अंकच आवरण आणि अर्थिंग या विषयांना वाहिलेला होता, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो घरगुती तोडगा अनेकदा सुचवला जातो, तो गुंजन थांबवतो खरा, परंतु विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही त्याबरोबर काढून घेतो, म्हणून तो सर्वथा त्याज्य आहे.

या साऱ्या इतिहासातून निवडीचे जे निकष शिल्लक राहतात ते मोजकेच आहेत. तार समाक्ष असावी, तिचा गाभा आणि जाळी शक्यतो तांब्याची असावी, जाळी दाट असावी, पिना घट्ट बसणाऱ्या असाव्यात, आणि लांबी खोलीच्या कडेने फिरवून मोजलेल्या अंतराहून थोडीशीच अधिक असावी. सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी तांब्याच्या जाळीची आरजी-५९ तार आणि दोन साध्या पिना यांतून या सर्व अटी पुऱ्या होतात. याहून अधिक मोजलेले पैसे देखण्या कवचासाठी, टिकाऊ पिनेसाठी किंवा हमीसाठी असू शकतात आणि त्या दृष्टीने ते कोणाला योग्यही वाटतील. परंतु ते अधिक चांगल्या खर्जासाठी आहेत असे म्हणण्यास आधार नाही. गुंजनाचा बंदोबस्त करण्यासाठी लागणारा विलगक किंवा सबवूफर खोलीत योग्य जागी ठेवण्यासाठी लागणारी जास्तीची दोन मीटर तार यांवर केलेला खर्च मात्र प्रत्यक्ष कानांना जाणवतो, आणि स्वस्त तारेमुळे वाचलेली रक्कम तेथेच लावणे शहाणपणाचे ठरते.